चारशेवाला आणि मोठ्यांचा गेम: बहिरम रस्त्यावरच्या एका दुकानाचं प्रकरण

अमरावती जिल्ह्यात परतवाड्याहून बहिरमकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका बाजारगावात माझ्या मामेभावाचं मोबाईलचं दुकान आहे. रिचार्ज, कव्हर, चार्जर, फुटलेल्या काचा बदलणं हा रोजचा धंदा, आणि काउंटरच्या डाव्या हाताला खेळण्यांची एक फळी. दिवाळीच्या तोंडावर तो नागपूरला सीताबर्डीत माल पाहायला गेला, तेव्हा ठोक व्यापाऱ्याने त्याच्यापुढे हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमचे दोन नमुने ठेवले. एक लहान पोरांचा, एक मोठ्यांचा. खेळण्यांत घालायला त्याच्याजवळ पंचवीस हजार रुपये होते.

"दादा, दोन्ही भरतो म्हनलं तं पैसा फसते. तू त कॉमर्स शिकोतं, तूच सांग कोनता घेऊ."

मी ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवतो. पुस्तकातली उदाहरणं मॉलची आणि मोटारींची असतात, आणि माझ्यासमोरची पोरं संत्र्याच्या बागेतून आणि कपाशीतून आलेली असतात. म्हणून हे प्रकरण मी नीट लिहून काढायचं ठरवलं. प्रश्न छोटा दिसतो, पण याच प्रश्नावर जगातल्या मोठ्या कंपन्या तीस-पस्तीस वर्षं लढल्या आहेत.

दोन नमुने

पोरांच्या नमुन्याला सगळा बाजार ‘चारशेवाला’ म्हणतो, कारण डब्यावर मोठ्या अक्षरांत चारशे गेम लिहिलेले असतात. तळहातात मावणारी लाल नाहीतर निळी प्लॅस्टिकची डबी, वर लहानसा रंगीत पडदा, खाली डावीकडे चार दिशांचं बटण आणि उजवीकडे चार गोल बटणं. टीव्हीला जोडायची एक वायर सोबत येते. चारशेतले बरेच गेम तेच ते असतात, नाव बदलून पुन्हा टाकलेले. मारिओ, कॉन्ट्रा, टाक्यांची लढाई, खाली पडणाऱ्या ठोकळ्यांचा गेम; नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम ज्याच्या घरी होता त्याला यातलं काहीच नवं नाही. पाठीमागचं झाकण अंगठ्याने सरकवलं की आत चपटी बॅटरी दिसते, आणि ती असते बीएल-५सी जातीची. नोकिया ११०० मध्ये हीच होती. गावागावातल्या मोबाईल दुकानात, किराणा दुकानाच्या बरणीशेजारीसुद्धा, ही बॅटरी आजही मिळते. ठोक भाव अडीचशे, विकायचा चारशे.

मोठ्यांचा नमुना वेगळा. पारदर्शक प्लॅस्टिक, साडेतीन इंची स्वच्छ पडदा, अंगठ्यांसाठी दोन काड्या, वरच्या कडेला चार बटणं, आणि गेम ठेवायला मेमरी कार्ड. यावर पहिल्या प्लेस्टेशनच्या काळातले गेम सहज चालतात, पुढचे काही अडखळत. ठोक भाव सव्वीसशे, विकायचा बत्तीसशे.

कागदावरचा हिशेब सोपा होता. सगळे पैसे चारशेवाल्यात घातले तर शंभर नग येतात आणि सगळे विकले गेले तर पंधरा हजार सुटतात. मोठ्यांचे नऊच नग येतात आणि चोपन्नशे सुटतात. एवढ्यावर निर्णय घ्यायचा असता तर मला बोलावायची गरज नव्हती. पण ठोक व्यापाऱ्याची अट होती की माल एकदा दुकानाबाहेर गेला की परत नाही. म्हणजे बिघडलेला प्रत्येक नग भावाच्या गळ्यात, आणि त्याहून वाईट म्हणजे गिऱ्हाईकही गावातलंच. शहरात गिऱ्हाईक रागावलं तर दुसरं येतं. इथे रागावलेला माणूस बुधवारच्या बाजारात दहा जणांना सांगतो आणि रिचार्ज करायलासुद्धा समोरच्या दुकानात जातो.

आधी सेलचा हिशेब

१९८९ साली जपानच्या निंटेन्डोने हातात धरून खेळायचा गेमबॉय आणला. पडदा हिरवट, रंग नाहीत, पडद्यामागे दिवा नाही, खेळायचं तर उजेडात बसावं लागे. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला आणि १९९० साली सेगाचा गेम गिअर; दोघांचेही पडदे रंगीत आणि मागून उजळलेले. नुसतं पाहून कोणीही म्हणालं असतं की गेमबॉय हरणार. सेगाच्या जाहिराती तर गेमबॉयच्या बेरंगी पडद्याची उघड टिंगल करत. झालं उलटंच. गेमबॉय आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांहून जास्त विकले गेले, गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला.

याची कारणं अनेक आहेत. अमेरिकेत गेमबॉय ९० डॉलरच्या आत मिळे, गेम गिअर १५० ला आणि लिंक्स १८० ला. गेमही गेमबॉयसाठी जास्त होते. पण मी भावाला जे गणित मांडून दाखवलं ते सेलचं. गेमबॉय चार पेन्सिल सेलवर पंधरा तासांच्या आसपास चाले. गेम गिअरला सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. म्हणजे तासाला पाव सेल एकीकडे आणि दीड सेल दुसरीकडे. खेळण्याची किंमत बाप एकदा देतो, सेल मात्र दर आठवड्याला मागितले जातात, आणि घरात रोज ‘नाही’ ऐकायला लागलं की ते खेळणं कपाटात जातं.

गेमबॉय बनवणाऱ्या चमूचा प्रमुख होता गुनपेई योकोई. त्याची धारणा अशी की तंत्र अगदी नवं असण्याची गरज नाही; वापरून वापरून स्वस्त आणि भरवशाचं झालेलं तंत्र उचलावं आणि त्याचा नवा उपयोग शोधावा. १९८० साली त्याने कॅल्क्युलेटरचा पडदा वापरून गेम अँड वॉच हे खिशात मावणारं खेळणं केलं, गेमबॉयही त्याच वाटेने आला. मला हा माणूस फार मोठा वाटतो, आणि चारशेवाल्यातली नोकियाची बॅटरी पाहिली की त्याच्या म्हणण्यातलं सत्य हातात येतं. ज्याने कोणी ती डबी बनवली त्याने मुद्दाम तशी निवडली असेल वा नसेल, पण गावात सहज मिळणारी, अंगठ्याने बदलता येणारी बॅटरी हाच त्या डबीचा सगळ्यात मोठा गुण आहे. मोठ्यांच्या नमुन्यात जास्त क्षमतेची बॅटरी होती, तरी मोठा पडदा आणि जड गेम यांमुळे तीही चारशेवाल्याइतकीच, पाचेक तास चाले. आणि तिची बदली बॅटरी अमरावतीतसुद्धा शोधावी लागे.

‘हो’ कोण म्हणतं

मुलांचं खेळणं मूल निवडतं आणि मोठं माणूस विकत घेतं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि माल भरताना सगळे विसरतात.

२००४ च्या शेवटी तीन आठवड्यांच्या आत दोन यंत्रं बाजारात आली. निंटेन्डोचं डीएस, दोन पडद्यांचं, त्यातला एक काडीने लिहिता येण्याजोगा. आणि सोनीचं पीएसपी: ४.३ इंचांचा रुंद पडदा, गाणी, सिनेमे, चकतीवर येणारे गेम. अमेरिकेत डीएस दीडशे डॉलरला मिळे आणि पीएसपी अडीचशेला. सोनीने मोठा खेळाडू म्हणजे ज्याला जास्त ताकदीचं यंत्र हवं असतं असा माणूस धरला. ते अगदीच चुकीचं नव्हतं, पीएसपी आठ कोटींच्या आसपास विकलं गेलं आणि आमच्याकडच्या अनेक तरुणांच्या मनात आजही तेच खरं यंत्र आहे. पण निंटेन्डोने मोठा माणूस दुसरीकडेच शोधला. जो आजवर खेळलाच नाही त्याला काय देता येईल, असा विचार केला. मेंदूला व्यायाम देणारी गणितं, पाळीव कुत्र्याचं पिल्लू, शब्दकोडी. जपानात आजी-आजोबांनी डीएस विकत घेतलं. एकूण विक्री १५ कोटी ४० लाखांवर गेली.

असाच धडा त्याआधी टेट्रिसने, म्हणजे त्या खाली पडणाऱ्या ठोकळ्यांच्या गेमने, दिला होता. अलेक्सी पाजितनोवने १९८४ साली मॉस्कोत तो बनवला. अमेरिकेत गेमबॉयसोबत कोणता गेम द्यायचा यावर खल चालला असताना गेम प्रकाशक हेंक रॉजर्सने निंटेन्डोला पटवलं की मारिओ दिलात तर पोरं घेतील, टेट्रिस दिलात तर सगळेच घेतील. गेमबॉय आमच्या गावात कधी दिसला नाही, पण टेट्रिस आला. नव्वदच्या दशकात बहिरमच्या जत्रेत ब्रिक गेम म्हणून जी राखाडी डबी मिळायची ती त्याचीच नक्कल. दोन पेन्सिल सेल, काळे ठोकळे, डब्यावर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम लिहिलेले. माझ्या मावशीने तो पोरांच्या हातून काढून घेऊन रात्री चुलीजवळ बसून खेळलेला मी पाहिला आहे. आठवण म्हणून हे सांगत नाही. घरातली बाई ही या धंद्यातली न मोजलेली गिऱ्हाईक आहे, आणि भावाच्या दुकानात ते पुन्हा दिसलं.

दुकानात चारशेवाला मागणाऱ्या बहुतेक आया एकच प्रश्न विचारत. "भाऊ, हे घेऊन देल्लं तं पोट्टं मोबाईल सोडीन काय?" गेम किती आहेत, पडदा केवढा आहे, हे कोणी विचारलं नाही. टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली, घरातला एकुलता एक फोन पोराच्या हातात गेला आणि तो परत आलाच नाही. २०२० च्या सप्टेंबरात पबजीवर बंदी आली, २०२२ च्या फेब्रुवारीत फ्री फायरवर. पोरांनी दर वेळी दुसरं काहीतरी शोधलं. त्यात डेटा संपतो, मध्ये जाहिराती येतात, चुकून कुठेतरी बोट लागून पैसे कापले जातात याची धास्ती असते, आणि बापाचा फोन असला तर व्यापाऱ्याचा किंवा मजुरांच्या मुकादमाचा फोन आला तरी पोरगं देत नाही. चारशे रुपये म्हणजे शेतमजूर बाईची दीड-दोन दिवसांची रोजी. एवढे पैसे ती मोजते ते खेळण्यासाठी नाही, स्वतःचा फोन सोडवून घेण्यासाठी.

इथे माझ्या लक्षात आलं की भावाने प्रश्नच वेगळ्या जागी उभा केला होता. चारशेवाला आणि मोठ्यांचा नमुना यांची एकमेकांशी स्पर्धा नव्हतीच. दोघांचाही स्पर्धक फोन होता. मोठ्या कंपन्यांनाही २०११ साली हेच भोगावं लागलं. निंटेन्डोचं ३डीएस फेब्रुवारीत जपानात आलं, आणि सहा महिन्यांच्या आत, ऑगस्टमध्ये, अमेरिकेत त्याची किंमत २५० डॉलरवरून १७० वर आणावी लागली. कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. सोनीचं व्हिटा त्याच वर्षाच्या शेवटी आलं, ताकदीने कितीतरी वरचढ, पण त्याला लागणारी मेमरी कार्डं फक्त सोनीची आणि महाग. ते कधी उभंच राहिलं नाही. फोन फुकट गेम देत होता. त्याच्यापुढे टिकायचं तर फोन जे देऊ शकत नाही ते द्यावं लागतं: खरी दाबायची बटणं, वेगळी बॅटरी, नेटवर्क नसतानाचा खेळ, आणि पोराच्या हातात निर्धास्त देता येईल अशी वस्तू.

जागलीचा बाजार

मोठ्यांच्या नमुन्याचं गिऱ्हाईक कोण, यावर आमचा वाद झाला. भावाच्या मते पुण्याहून दिवाळीला घरी येणारी पोरं. कंपनीत नोकरीला लागलेली, लहानपणी कॉन्ट्रासाठी शेजारच्या घरी ताटकळलेली, आता खिशात पैसा असलेली. ते खरं होतं. पण ती पोरं दिवाळीचे दहा दिवस असतात आणि त्यांना हीच वस्तू पुण्यात घरपोच मिळते.

मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बोट दाखवलं: जागलीला जाणारा तरुण. हा सगळा पट्टा सातपुड्याच्या पायथ्याचा. हरभरा, गहू, तूर उभी असते तेव्हा रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) रात्रीत वावर फस्त करतात. शेतीपंपाची वीज पाळीने येते, कधी कधी रात्रीचीच, तेव्हा ओलितासाठीही जागावं लागतं. हिवाळ्यात चार-चार महिने गावातली निम्मी तरुण पोरं रात्री वावरात असतात. तिथे नेटवर्क येतं-जातं. फोनवर व्हिडिओ पाहिला तर मध्यरात्रीपर्यंत बॅटरी संपते आणि मग साप चावला, मोटर जळली, तरी घरी फोन लावता येत नाही. वेगळ्या बॅटरीचं, नेट न लागणारं यंत्र त्याला उपयोगाचं आहे.

मामांना हे अजिबात पटलं नाही. "त्या उजेडानं डोये दिपते तुमचे. डुक्कर बांधावर आलं तरी दिसन काय? हरबरा गेला तं कोन भरून देते?" मामांचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. अंधाराला सरावलेले डोळे उजळ पडद्याकडे पाहिले की निकामी होतात, आणि परत सरावायला बराच वेळ लागतो. पण पोरं फोन पाहतच होती. प्रश्न पडदा असावा की नसावा हा राहिला नव्हता, कोणता पडदा हा होता. मी एवढंच सुचवलं की विकताना उजेड सगळ्यात कमी करून द्यायचा आणि कसा करायचा ते दाखवायचं. हे काम फुकट आहे आणि फक्त समोरासमोर विकणारा दुकानदारच ते करू शकतो.

ठरलं काय आणि झालं काय

शेवटी साठ चारशेवाले घेतले, पंधरा हजारांचे. मोठ्यांचे तीन, अठ्ठ्याहत्तरशेचे. उरलेल्या बावीसशेंवर भावाचा डोळा आणखी आठ चारशेवाल्यांवर होता. त्या पैशांत मी सुटे भाग घ्यायला लावले: बीएल-५सी बॅटऱ्या, बटणांखालचे रबर, टीव्हीच्या वायरी, बऱ्या कंपनीची मेमरी कार्डं. त्याला हे पटत नव्हतं. विकण्याआधीच बिघडण्यावर पैसा घालायचा, ही कल्पना दुकानदाराच्या अंगाला लागत नाही. मी म्हटलं, परतीची जबाबदारी व्यापारी घेत नसेल तर ती तुला घ्यावी लागेल.

दिवाळीत वीसेक चारशेवाले गेले. मोठ्यांचे दोन नग पुण्याच्या दोन पोरांनी दुसऱ्याच दिवशी नेले, तिसरा काउंटरवर दाखवायला राहिला.

मग संत्री आली. अंबिया बहाराची तोडणी दिवाळीच्या पुढेमागे जोरात असते आणि आमच्याकडे पोरांच्या हाताला त्या दिवसांत संत्र्याचा रस कायम असतो. पंधरा दिवसांत एक पोरगं बापाला घेऊन आलं. "काका, पुढं जायाचं बटन चालून नाही रायलं." मी दुकानात होतो. भावाने पाठीमागचे स्क्रू काढले, वरची पट्टी उचलली. चार दिशांच्या बटणाखाली रबराची गादी असते आणि प्रत्येक दिशेखाली कार्बनची एक काळी टिकली. बटण दाबलं की टिकली खालच्या पट्टीवर टेकते आणि जोड होतो. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतं तसंच. उजवीकडची टिकली रसाने चिकट झाली होती आणि तिला कपाशीचा रुवा चिकटून त्याची एक पातळ गादीच तयार झाली होती. आयपीएचा, म्हणजे सफाईच्या अल्कोहोलचा, थेंब, कापसाचा बोळा, हलक्या हाताने दोनदा पुसणं. टिकली झिजलेली वाटली तर पेन्सिलचं शिसं तिच्यावर घासायचं. पोरगं काउंटरला नाक लावून पाहत होतं, आणि आपल्या डबीच्या आत काय आहे हे कळल्याचा जो आनंद त्याच्या चेहऱ्यावर होता त्याची किंमत कुठल्याच हिशेबात धरता येत नाही. काम दहा मिनिटांचं. भावाने पैसे घेतले नाहीत. बापाने जाताना चार्जर नेला.

साठांपैकी बाराएक नग या ना त्या कारणाने परत आले. बहुतेक बटणांचे, त्याखालोखाल बॅटरीचे. स्वस्त बॅटऱ्यांवर छापलेली क्षमता आणि आतली क्षमता यांचा मेळ नसतो. दोन तर फुगून झाकण उचलायला लागल्या होत्या. पोराच्या हातात फुगलेली बॅटरी म्हणजे धोका आहे, आणि इथे मी भावाला कडक शब्दांत सांगितलं की फुगलेली बॅटरी दिसली की पैसे न मागता बदलायची आणि प्रत्येक डबी विकताना आईबापाला झाकण उघडून दाखवायचं. तो आता तसं करतो.

डिसेंबरच्या विसाव्या तारखेच्या सुमारास बहिरमची जत्रा लागली. महिनाभराहून जास्त चालते ती. हंडीतलं मटण, रोडगे, आणि रस्त्याच्या दुतर्फा खेळण्यांची दुकानं. कापसाचा आणि संत्र्याचा पैसा याच दिवसांत हातात असतो. जत्रेतल्या पालांवर तोच चारशेवाला साडेतीनशेला लागला. भावाकडे चारशेला घेतलेले लोक येऊन विचारू लागले, आम्हाला पन्नास जास्त काऊन लावले? त्याला भाव पाडावाच लागला. तेव्हा मी त्याला ३डीएसच्या किंमतकपातीची पुढची हकीकत सांगितली. किंमत उतरवल्यावर आधी घेतलेल्यांची नाराजी दूर करायला निंटेन्डोने त्यांना वीस जुने गेम फुकट दिले होते. भावाने आपल्या परीने तेच केलं: ज्याने आधी चारशेला नेला त्याची बटणं वर्षभर फुकट साफ. त्याला खर्च जवळजवळ शून्य, कारण रबर आणि आयपीए आधीच भरून ठेवलेलं होतं. जत्रा उठल्यावर पालं निघून गेली, आणि त्यांच्याकडे घेतलेल्या डब्या बिघडल्यावर लोक भावाकडेच आले. त्यांच्याकडून त्याने तीस रुपये घेतले. बावीसशेंचे सुटे भाग त्या दोन महिन्यांत वसूल झाले.

काउंटरवरचा मोठ्यांचा तिसरा नग जानेवारीत एका हरभऱ्यावाल्या तरुणाने नेला, जागलीसाठी. फेब्रुवारीपर्यंत त्याच्या शेजारच्या वावरांतून आणखी पाच मागण्या आल्या, सगळ्या तोंडी ऐकून. त्याच्या सोबत आलेलं मेमरी कार्ड मात्र महिन्याभरात बसलं. या यंत्रांसोबत फुकट येणारी कार्डं कच्ची असतात. भावाने ते आधीच बदलून द्यायला हवं, हे आता त्या नगाच्या किमतीत धरलेलं आहे.

बाया तिसरीकडूनच आल्या. भावाची बायको दुकानाच्या मागच्या खोलीत साड्यांना फॉल-पिको करते. तिच्याकडे येणाऱ्या दोघी-तिघींनी पोराचा म्हणून नेलेला चारशेवाला स्वतःच खेळत असल्याचं तिला सांगितलं, ठोकळ्यांचा गेम, रात्री पोरं झोपल्यावर. पैकी एकीने दुसरा नग नेला आणि उघड सांगितलं की हा माझा. भावाने ही विक्री वहीत ‘पोरांचे’ या रकान्यात लिहिली होती. मी ती खोडून वेगळा रकाना करायला लावला. जो गिऱ्हाईक वहीत दिसत नाही त्याच्यासाठी माल कधीच भरला जात नाही.

एक अडचण

चारशे गेमपैकी बहुतेक १९८३ साली आलेल्या निंटेन्डोच्या फॅमिकॉमच्या काळातले आहेत आणि ते परवानगीशिवाय उतरवलेले आहेत. मोठ्यांच्या यंत्रातल्या कार्डाचीही तीच गत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार अशा प्रती विकणं हा गुन्हा आहे. हे मी भावाला पहिल्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, जत्रेत शंभर पालांवर तेच आहे. ते खरं आहे आणि ते उत्तर नाही. ज्यांनी हे गेम रात्री जागून बनवले त्यांच्या कष्टाला मी माझ्या वर्गात मान द्यायला शिकवतो, आणि माझ्याच भावाच्या फळीवर ते चोरीचे विकले जातात, याचा मला त्रास होतो.

मोठ्यांच्या यंत्राचा मार्ग निघाला. ते आता कार्डाशिवाय मागवतो, आणि बनवणाऱ्यांनीच फुकट वाटलेले छोटे गेम घातलेलं कार्ड देतो. चारशेवाल्याचे गेम चिपमध्येच कोरलेले असतात, ते काढता येत नाहीत. परवाना घेतलेले गेम असलेली आणि चारशे रुपयांत बसणारी डबी आमच्या बाजारात नाही. निंटेन्डोचं स्विच तर इथे येतं तेच बाहेरून, त्याच्या एका नगाच्या किमतीत संत्र्याच्या बागेला लागणाऱ्या खताची कितीतरी पोती येतील. स्वस्त, सरळ मार्गाची डबी कोणी आणली तर विदर्भाच्या खेड्यांत तिला मागणी आहे, एवढं या वहीवरून मी नक्की सांगू शकतो. तोवर भाऊ चारशेवाला बंद करायला तयार नाही आणि मी त्याला तसं करायला लावू शकलेलो नाही.

पुढचा मोसम

येत्या पोळ्यासाठी त्याने वेगळा विचार केला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघर जातात आणि त्यांना बोजारा मिळतो. तो पैसा पोरांचा स्वतःचा, वर्षातला एकमेव, पण मोठ्यांच्या हातात तेव्हा काहीच नसतं कारण पीक अजून उभं असतं. म्हणून त्या दिवसांसाठी ब्रिक गेम, दीडशेच्या आतला, दोन पेन्सिल सेलचा. चारशेवाले दिवाळीच्या आधी पन्नास. मोठ्यांचे दहा, सगळे हरभरा पेरल्यानंतर. सुट्या भागांना यंदा चार हजार, आणि ही रक्कम त्याने मला न विचारता ठरवली.

व्यापाऱ्याने नवा नमुनाही पाठवला होता. हजार गेम, मोठा पडदा, अंगाने बारीक, चारशेवाल्यापेक्षा शंभरच रुपये जास्त. दिसायला फारच देखणा. भावाने तो उलटा केला. मागे झाकण नव्हतं. बॅटरी आत डकवून तारा डाग देऊन जोडलेल्या. त्याने विचारलं की बदली बॅटरी मिळेल का. व्यापारी म्हणाला, बदलायची कशाला, नवाच घेतील. नमुना त्याच गाडीने परत गेला.